वजीर देऊन हत्ती-घोडा घेतलेल्या डावाचे विश्लेषण कसे करावे?

आपण वजीर देऊन हत्ती, घोडा आणि एक प्यादे घेतले, संगणक बराच वेळ बरोबरी दाखवत राहिला आणि तरीही आपण डाव हरलात. चूक कोठे झाली हे कसे शोधावे, असे आपण विचारले आहे. वजिराचे ९ गुण, हत्तीचे ५, घोड्याचे ३ आणि प्याद्याचा १, म्हणजे कागदावर हिशेब जुळतो. अशा डावात मात्र मी या बेरजेवर फारसा विसंबत नाही. पटाच्या ज्या भागात झुंज चालू आहे तेथे कोणाचे किती मोहरे पोहोचतात, हे मी आधी मोजतो.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत रविवारी सकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवताना यासाठी मी नेहमी एकच डाव मांडतो: सोव्हिएत खेळाडू रशीद नेझमेतदिनोव (पांढरे) विरुद्ध ओलेग चेर्निकोव (काळे), रशियातील रोस्तोव्ह, १९६२. अकराव्या चालीला काळ्याने उंट एफ६ या घरावर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ) आणून पांढऱ्याच्या वजिरावर हल्ला केला. वजीर मागे घेता येत असतानाही नेझमेतदिनोव यांनी बाराव्या चालीला त्याच वजिराने तो उंट मारला. काळ्याने मध्ये घोड्याचा शह दिला, तो घोडाही पडला आणि मग प्याद्याने वजीर मारला. वजिराच्या बदल्यात उंट आणि घोडा, म्हणजे ९ देऊन ६ घेतले. मुले लगेच म्हणतात, “सर, हे तोट्यात गेले की!”

आता पट पाहा. काळ्याचा काळ्या घरांवरचा उंट गेला आहे, एफ पट्टीवर त्याची दुहेरी (एकामागे एक उभी) प्यादी झाली आहेत, डी७ वरच्या प्याद्यामुळे सी८ चा उंट कोंडला आहे आणि वजीर दूर ए५ वर उभा आहे. पांढऱ्याचा घोडा डी५ वर, उंट डी४ वर आणि हत्ती डी१, डी३ असा फिरून एफ३ वर येतो. एफ६ या एका प्याद्यावर तिघांचा दाब, आणि ते राखायला राजा व हत्ती एवढेच. विसाव्या चालीला काळ्याला वजीर परत डी८ वर न्यावा लागला, तरी पुढच्याच चालीला ते प्यादे पडले. शेवटी एकोणतिसाव्या चालीला पांढऱ्याने एच८ वर हत्ती देऊन राजाला ओढले आणि घोड्याच्या एकाच चालीत राजा व वजीर दोघांवर हल्ला झाला. दिलेला वजीर असा वसूल झाला. (ही चाल मुलांना आधी न सांगता शोधायला लावावी.)

आपल्या डावाकडे असेच पाहावे. संगणक बंद ठेवून, वजीर दिल्यानंतरच्या प्रत्येक चालीपाशी थांबून, प्रतिस्पर्ध्याचा कोणता मोहरा त्या क्षणी खेळाबाहेर आहे आणि तो किती चालींत परत येईल, हे वहीत लिहावे. संगणक त्यानंतरच सुरू करावा, पण त्याला नुसता आकडा न विचारता पहिल्या चार-पाच चाली दाखवायला सांगाव्यात. एका बाजूला बरोबरी राखणारी एकच चाल असेल आणि दुसऱ्या बाजूला चार चालणाऱ्या चाली असतील, तर पडद्यावरचे शून्य (म्हणजे संगणकाने दाखवलेली बरोबरी) हे घड्याळ चालू असलेल्या माणसासाठी शून्य नसते. आपला डाव बहुधा अशाच एखाद्या एकमेव चालीपाशी निसटला असावा, असा माझा अंदाज आहे.

मीही एका स्थानिक स्पर्धेत असाच हरलो होतो. माझा घोडा प्याद्याच्या आधाराशिवाय उभा होता आणि राजासमोरची प्यादी मी उत्साहाने पुढे ढकलली होती. मग एकट्या वजिराने शह देत देत घोडाही मारला आणि प्यादीही वेचली. हत्ती-घोड्याच्या जोडीला भक्कम घर आणि झाकलेला राजा हवाच, म्हणून आपल्या डावातही वजीर दिला त्या क्षणी घोडा कोणत्या घरात होता आणि त्याला कोणाचा आधार होता, तेथूनच तपासायला सुरुवात करावी.