आईच्या थायरॉइडमध्ये साडेतीन सेंटीमीटरची गाठ आहे, कॅन्सर नाही. ऑपरेशनशिवाय काही उपाय आहे का?

माझी गाठ जवळपास एवढीच होती. दोन वर्षांपूर्वी मी आरएफए, म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी अ‍ॅब्लेशन (सुईतून उष्णता देऊन गाठ आतून जाळणं) करून घेतलं. मी डॉक्टर नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी सांगा, आईंना गाठीचा त्रास होतोय का? घास अडकणं, गळा दाबल्यासारखं वाटणं? नसेल, तर बहुतेकदा ठरावीक काळाने सोनोग्राफी करत राहणं पुरतं. माझा दुपट्टा गळ्यावर सहन होईना, म्हणून मी गेले.

त्रास असेल, तर गाठ पाण्याची की भरीव, ते रिपोर्टात बघा. पाण्याची असेल तर सुईने पाणी काढून आत अल्कोहोल सोडतात; नुसतं पाणी काढलं तर ते बहुधा पुन्हा भरतं. भरीव गाठ आतून जाळतात. त्यासाठी लेझर आणि मायक्रोवेव्हही आहेत, पण माझ्या डॉक्टरांचा हात आरएफएवर बसलेला होता.

मला जागेवरचीच भूल दिली. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत मानेच्या मधून सुई घातली आणि ती जरा जरा मागे घेत एकेक भाग जाळला. मधूनच डॉक्टर म्हणायचे, "बोला काहीतरी." आवाजाची नस गाठीच्या मागूनच जाते ना! मला सुचेना, मी तेराचा पाढा म्हटला. तेरी साते चुकलं, पण आवाज शाबूत होता. जबड्यात आणि कानात मात्र कळा गेल्या. संध्याकाळी घरी आले.

गाठ लगेच जात नाही, हे मला कोणी धड सांगितलं नव्हतं. जळालेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं. सहा महिने ते वर्षभरात घनफळ निम्म्याहून कमी होतं. पण घनफळ बरोब्बर निम्मं झालं, तरी साडेतीन सेंटीमीटर रुंदीची गाठ 2.8 सेंटीमीटर रुंद भरते! पहिले दोन महिने मी आरशासमोर रडकुंडीला यायचे.

अर्धी थायरॉइड काढली की काहींना जन्मभर गोळी लागते. आरएफएनंतर ती वेळ क्वचित येते. उलट कडेचा भाग राहिला तर गाठ पुन्हा वाढू शकते, आणि गाठ छातीच्या हाडामागे उतरली असेल तर ऑपरेशनच बरं.

शिवाय जाळलेली गाठ पूर्ण तपासायला मिळत नाही. म्हणून आधी साधारणपणे दोनदा एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणी करतात. आईंची एकदाच झाली असेल, तर दुसरी लागेल का, हे विचारल्याशिवाय तारीख घेऊ नका.