हिंसाचाराच्या काळात ख्रिस्ती लोक कोणत्या प्रार्थना करतात? मारणाऱ्यांवर प्रेम करा म्हणणं म्हणजे अन्याय गिळणं नाही का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारी व्यक्ती ख्रिस्ती नाही. तिच्या ऑफिसातली मैत्रीण मणिपूरची, चुराचांदपूरकडची आहे आणि २०२३ मध्ये तिथे कुकी-झो आणि मैतेई समाजांत हिंसाचार पेटला तेव्हापासून तिच्या घरच्यांची फरफट चालू आहे. मैत्रीण प्रार्थना करते तेव्हा सोबत बसावंसं वाटतं, पण काय म्हणायचं ते कळत नाही. शिवाय "वैऱ्यांवर प्रीती करा" हे ऐकून मनातून रागही येतो.

मी ख्रिस्ती आहे, नगरकडची. महिला मंडळाच्या प्रार्थनेला आईचा पदर धरून जायचे तेव्हापासून बसत आलेय. धर्मशास्त्राची पदवी वगैरे काही नाही, त्यामुळे जे म्हटलंय, ऐकलंय आणि वाचलंय तेवढंच सांगते.

तुमचा राग आधी घेऊ. ख्रिस्ती माणसाने मार खाल्ल्याबरोबर क्षमा करावी असं बाहेरच्यांना वाटतं, आणि आतल्याही पुष्कळांना वाटतं. कुणाचं घर जळून चार दिवस झालेले नसतात, तोवर एखादे वडीलधारे उभे राहून "प्रभू, यांना क्षमा करायला बळ दे" म्हणून सुरू करतात. ज्याचं घर गेलं तो मान खाली घालून बसतो. मला हे कधी पटलेलं नाही.

पवित्रशास्त्रातही, म्हणजे बायबलमध्येही, हा क्रम नाही. त्यातल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश तक्रारीची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच देवाला चारदा विचारलंय, हे कोठवर? कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची एखादी ओळ असेल म्हणून वाचत जावं, तर नाहीच. बावीसाव्या स्तोत्राची पहिली ओळ, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", ही येशूने वधस्तंभावर म्हटली. "हे बापा, त्यांना क्षमा कर" हेही त्याच वधस्तंभावरचं. लोकांना दुसरं वाक्य पाठ असतं, पहिलं आठवत नाही.

आणि मग शापाची स्तोत्रं. एकशे सदतीसावं बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात पडलेल्या यहुद्यांचं. सुरुवात इतकी सुंदर, नदीकाठी बसून सियोनच्या, म्हणजे यरुशलेमच्या, आठवणीने रडणारी माणसं, आणि शेवट शत्रूची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारा. रोमन कॅथलिक चर्चने १९७१ मध्ये दैनिक प्रार्थनेचं नवं पुस्तक काढलं तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं अख्खी वगळली, आणि १३७ चा तो शेवटही. मी कॅथलिक नाही, त्यामुळे मला बोलायचा अधिकार कमी, पण वगळायला नको होती असं मला वाटतं. देवाच्या कानावर घातलेला राग हातात कोयता घेऊन निघत नाही असं मी म्हणणार नाही, निघतोही. पण ज्या माणसाला देवाशीसुद्धा खरं बोलता येत नाही, त्याने प्रेम कुठून आणायचं?

आमच्या मंडळीतल्या एका मावशींचा मुलगा मारामारीत गेला. गावातलंच भांडण, मारणारेही ओळखीचे. मावशी पुढच्याच रविवारी उपासनेला आल्या, नेहमीच्या बाकावर, खिडकीकडेला. प्रभूची प्रार्थना, येशूने शिकवलेली, सुरू झाली. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथपर्यंत त्यांचा आवाज होता. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" (म्हणजे आमचा अपराध करणाऱ्यांना क्षमा केली आहे) या ओळीला त्या गप्प झाल्या. ओठ मिटलेले, हातातला रुमाल घट्ट. "आम्हांला परीक्षेत आणू नकोस" ला पुन्हा सगळ्यांबरोबर. पुढे कित्येक रविवार असंच चाललं. मागच्या बाकावरच्या आम्हा बायकांना ते कळत होतं, पाळकसाहेबांनाही कळत असणार, पण कोणी त्यांना त्यावरून छेडलं नाही. आज त्या ती ओळ म्हणतात की नाही, मी कान देऊन ऐकत नाही. तेवढी एक ओळ त्यांच्या वतीने बाकीची मंडळी म्हणत होती असं मी धरते. सामुदायिक प्रार्थनेचा हा एक उपयोग आहे.

आता वैऱ्यासाठी प्रार्थना. ती आहे, आणि बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, इतकी स्पष्ट आहे की तिच्यातून पळवाट नाही: जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा. पण प्रत्यक्षात ती कशी दिसते, हे सांगायला आपल्याच देशातली गोष्ट घेते.

सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या कॅथलिक नन्सच्या संघातल्या. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात उदयनगर भागात काम करायच्या. गरीब शेतमजुरांना बचत शिकवायच्या, बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना कशा मिळवायच्या ते सांगायच्या. सावकारी करणाऱ्यांना ते खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये, भरलेल्या बसमध्ये, एका माणसाने त्यांना भोसकलं. अंगावर ५४ जखमा होत्या. वय ४१.

त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, त्याच संघात. २००२ च्या रक्षाबंधनाला ती तुरुंगात गेली आणि त्या मारेकऱ्याच्या मनगटाला राखी बांधली. पुढे त्याची सुटका लवकर व्हावी म्हणून घरच्यांनीच पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो सुटला. नंतर तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा राणी मारियांच्या आईने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना 'धन्य' घोषित केलं गेलं (संतपदाच्या आधीची पायरी), त्या सोहळ्यालाही तो हजर होता.

ही गोष्ट प्रवचनात सांगताना सगळे थेट राखीवर येतात. १९९५ आणि २००२ यांच्यामध्ये सात वर्षं आहेत, त्यांच्यावर कोणी थांबत नाही. शिवाय ती राखी तुरुंगात बांधली गेली. खटला चालला होता, शिक्षा झाली होती, तो माणूस ती भोगत होता. अन्याय गिळला का, या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं ग्लॅडिस स्टेन्स यांच्याकडे. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशात केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूरला त्यांचे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम, आणि दोन मुलं, फिलिप १० वर्षांचा आणि टिमथी ६ वर्षांचा, गाडीत झोपलेले असताना जमावाने गाडी पेटवून दिली. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं. ते ऐकून त्या वेळी आमच्याकडेही दोन तट पडले होते. काही म्हणाले, केवढा विश्वास. काही म्हणाले, बाईला रडू तरी द्या. पण त्यांच्या क्षमेने कायद्याचं काम अडलं नाही. सत्र न्यायालयाने २००३ मध्ये मुख्य आरोपीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. क्षमा बाईंची होती, शिक्षा देणं राज्याचं काम होतं. दोन्ही आपापल्या जागी चाललं. ग्लॅडिसबाई पुढची काही वर्षं ओडिशातच, बारीपद्याला, कुष्ठरुग्णांच्या आश्रमात काम करत राहिल्या, आणि २००४ मध्ये तिथे ग्रॅहम यांच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं. "बरं कर" या प्रार्थनेचं इतकं रोखठोक उत्तर मला दुसरं माहीत नाही.

सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना हवी असेल तर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री कॅथेड्रलची आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात ते जळालं. तिथले प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड त्या रात्री स्वतः तिथे पहाऱ्यावर होते, आगीचे गोळे विझवत. नंतर त्यांनी पडक्या भिंतीवर वेदीच्या मागे "हे बापा, क्षमा कर" एवढंच कोरून घेतलं. कोणाला, ते लिहिलं नाही. १९५८ मध्ये त्यावरून एक प्रार्थना रचली गेली. राष्ट्राराष्ट्रांत, वंशावंशांत, वर्गावर्गांत फूट पाडणारा द्वेष, दुसऱ्याचं बळकावण्याची हाव, बेघर आणि निर्वासितांबद्दलची बेफिकिरी, अशी एकेक गोष्ट उच्चारायची आणि दर वेळी सगळ्यांनी उत्तर द्यायचं, "हे बापा, क्षमा कर." दर शुक्रवारी दुपारी १२ वाजता ती अजून म्हटली जाते. प्रार्थना उत्तम आहे, पण ताजी जखम असलेल्या माणसाच्या तोंडी ती घालू नये. हॉवर्डना शोभली, कारण जळालेलं त्यांचंच होतं.

"हे प्रभो, मला तुझ्या शांतीचे साधन कर" ही तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असेल, शाळेच्या भिंतीवरसुद्धा असते. आठशे वर्षांपूर्वीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर चालते, पण ती छापलेली पहिल्यांदा दिसते १९१२ मध्ये, पॅरिसच्या एका छोट्या फ्रेंच मासिकात, लेखकाच्या नावाशिवाय. पहिलं महायुद्ध पेटल्यावर ती पसरली. जे स्वतः मारात सापडले नाहीत पण शेजारी उभे आहेत, त्यांनी म्हणायला ही सगळ्यात बरी. म्हणजे तुमच्यासारख्यांनी.

आरोग्याच्या प्रार्थनेबद्दल. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, आणि आमच्याकडे ते अजून करतात. कपाळाला तेलाचं बोट, डोक्यावर हात, दोन-तीन मिनिटं, बस्स. हिंसा पाहिलेल्या माणसाला त्या हाताचा खरंच आधार वाटतो. मात्र कोणी विचारल्याशिवाय डोक्यावर हात ठेवू नये. मार खाल्लेलं अंग दचकतं. आणि चंगाई सभांमध्ये (प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभांमध्ये) माईकवरून "तुझ्यात विश्वास कमी आहे म्हणून तुला झोप येत नाही" असं सांगतात, त्यापासून तुमच्या मैत्रिणीला जपा. झोप उडाली असेल, तेच ते डोळ्यांसमोर येत असेल, तर प्रार्थना करावी आणि मानसोपचारतज्ज्ञाची वेळही घ्यावी.

मणिपूरच्या बाबतीत एक खबरदारी. तिथल्या कुकी-झो समाजात बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत आणि मैतेईंमध्ये बहुसंख्य हिंदू किंवा सनामही या त्यांच्या मूळ पंथाचे, पण मैतेई ख्रिस्तीही आहेत आणि २०२३ मध्ये त्यांचीही चर्चं जाळली गेली. तेव्हा "ख्रिस्ती विरुद्ध अमुक" अशा सरळ रेषेत प्रार्थना करायला गेलात तर ती चुकेल. गावाचं नाव घ्या, माणसांची नावं घ्या. आमच्या मंडळात प्रार्थनेच्या विनंत्या लिहायची एक वही आहे. त्यात "मणिपूरची शांती" असं लिहिलं की बायका जांभया देतात. "अमकीचे वडील, छावणीत आहेत, बीपीच्या गोळ्या संपल्यात" असं लिहिलं की तीच वही हातातून हातात फिरते आणि गोळ्यांचे पैसेही निघतात.

तुम्हाला म्हणायला काही हवंच असेल तर मी असं म्हणते. माझेच शब्द आहेत, हवे तसे बदला:

"हे देवा, तू हे पाहिलंस. ज्यांची घरं गेली त्यांना आज रात्री छप्पर दे. जे बेपत्ता आहेत त्यांना शोध. ज्यांना झोप येत नाही त्यांच्या उशाशी बस. ज्यांनी हे केलं त्यांचे हात थांबव आणि त्यांचा न्याय कर. आणि आम्हाला त्यांच्यासारखं होऊ देऊ नकोस. प्रेम आमच्याकडे आत्ता नाही. ते येईपर्यंत आमच्याकडून खोटं बोलवून घेऊ नकोस. आमेन."

येशूचं नाव घ्यायला जड जात असेल तर घेऊ नका, मैत्रीण घेईल. ती तिच्या भाषेत प्रार्थना करील, तुम्हाला शब्द कळणार नाहीत, चालेल. शेवटी ती आमेन म्हणेल तेव्हा तुम्हीही म्हणा. आणि प्रार्थनेत ती चिडली, त्या लोकांचं वाटोळं होवो म्हणाली, तर "असं बोलू नये गं" म्हणू नका. तिच्या बायबलमध्ये एकशे नववं स्तोत्र काढून द्या. तिच्यापेक्षा कडक भाषा तिथे आहे.