जपानमध्ये सुशी-साशिमीबरोबर कोणती पांढरी वाईन घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की सुशीबरोबर शार्दोने घेतली, मासा ताजा होता, तरी घोट घेतल्यावर तोंडात मासळीचा उग्र वास राहिला. मासेवाल्याला बोल लावू नका. वाईनमध्ये थोडंफार लोह असतं आणि त्याचा माशाच्या चरबीशी संबंध आला की तो वास सुटतो. जपानच्या मर्शियन या वाईन कंपनीच्या संशोधकांनी 2009 मध्ये होताते, म्हणजे मोठे शिंपले, घेऊन हे तपासलं होतं. वाईनमध्ये लोह जास्त, तर वासही जास्त.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे: 'कोशू' घ्या. या द्राक्षाच्या वाईनमध्ये लोह साधारणपणे कमी असतं.

कोशू हे फिकट गुलाबी सालीचं द्राक्ष. फुजीच्या उत्तरेकडच्या यामानाशी प्रांतात, मुख्यतः कात्सुनुमाच्या आसपास होतं. आपल्या नाशिक-सांगलीसारखेच तिथे वेल मांडवावर चढवतात. पिकायची वेळ आणि वादळी पाऊस एकदमच येतात, त्यामुळे कित्येक बागांत प्रत्येक घडावर कागदाची छोटी टोपी बसवलेली दिसते. किती हात राबत असतील, विचार करा. 1877 मध्ये इथल्याच दोन तरुणांना वाईन शिकायला फ्रान्सला पाठवलं होतं, तेव्हा हा धंदा कालपरवाचा नाही.

चव हलकी, लिंबूवर्गीय, शेवटी सालीचा किंचित कडवटपणा. अल्कोहोल बहुधा 11-12 टक्के. पहिल्या घोटाला 'यात काय आहे?' असं वाटेल. नुसती पिऊ नका, खाण्याबरोबरच तिची मजा. लेबलवर 'श्यूर ली' असेल तर वाईन यीस्टच्या गाळावर काही महिने ठेवलेली असते. ती जरा भरदार लागते आणि माझ्या मते जेवणाला तीच बरी.

पांढरे मासे, म्हणजे 'ताई' आणि 'हिरामे' यांसारखे जपानी मासे, सोया सॉसऐवजी मीठ आणि सुदाची (छोटं आंबट जपानी लिंबू) पिळून खाऊन बघा. लिंबू पिळलेली कालवं, मीठ लावून भाजलेला आयू (नदीतला छोटा मासा), युदोफू म्हणजे गरम पाण्यात उकळलेला टोफू, सगळ्यांशी जमतं. टेम्पुराबरोबर, म्हणजे हलक्या पिठात बुडवून तळलेल्या जपानी भज्यांबरोबर, तर तो कडवटपणा तेलकटपणा कापतो. शाकाहारी असाल तर भाज्यांचा टेम्पुरा 'शिओ दे' म्हणून मिठाबरोबर मागा, कारण सोबतच्या पातळ सॉसमध्ये बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. गोड सॉसातल्या उनागीपुढे (वाम मासा) मात्र कोशू फिकी पडते. तिथे मस्कट बेली ए ही जपानी लाल वाईन घ्या.

घरी रव्यातलं पापलेट, तिखट बेताचं, वर लिंबू: झकास. कोथिंबीर वडीही चालते. लालभडक कालवण असेल त्या दिवशी बाटली फ्रीजमध्येच राहू द्या आणि बिअर उघडा.

विकत घेताना लेबलवर 'निहोन वाईन' लिहिलंय का बघा. 2018 पासून जपानमध्ये पिकलेल्या द्राक्षांची, जपानमध्येच केलेली वाईन असेल तरच हे लिहिता येतं. नाहीतर बाहेरून आणलेल्या रसाची वाईनही जपानी म्हणून गळ्यात पडते. दोन हजार येनच्या आसपास रोजच्या जेवणाला चांगली बाटली मिळते. 8-10 अंशांवर प्या, बर्फासारखी गार केलीत तर वासच येणार नाही.

एखादा रविवार मोकळा असेल तर कात्सुनुमालाच जा. 'बुदो नो ओका' या तिथल्या वाईन केंद्राच्या तळघरात पैसे भरून धातूची छोटी वाटी घ्यायची आणि मांडलेल्या बाटल्यांतून हवी ती चाखायची. त्या भागात वाईन 1.8 लिटरच्या, साकेच्या (तांदळाची जपानी दारू) असतात तशा बाटलीतून चहाच्या पेल्यात ओतून प्यायची जुनी रीत आहे, कुणी तशी दिली तर बिचकू नका. शिंजुकूहून चुओ लाईनची एक्सप्रेस पकडली की दीड-एक तासाचा रस्ता. गाडी घेऊन मात्र जाऊ नका. पिऊन चालवणाऱ्याबरोबर शेजारी बसलेल्यालाही इथे शिक्षा होऊ शकते.