बांधावरचे साग आणि दहा घरांची मंडळी

प्रश्न : आम्ही बडोद्यात राहतो. संखेड्याजवळच्या आमच्या वडिलोपार्जित शेतीच्या बांधांवर २० वर्षांपूर्वी लावलेले सुमारे २०० साग उभे आहेत. व्यापारी उभ्या झाडांचा उक्ता भाव सांगतो आणि तो रास्त आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. शेजाऱ्यांचीही हीच अडचण आहे. सर्वांनी मिळून सहकारी मंडळी काढावी का? त्यासाठी जमीन मंडळीच्या नावे करावी लागेल का?

उत्तर : जमीन मंडळीच्या नावे करावी लागत नाही, आणि कोणी तसे सुचवल्यास आपण सरळ नकार द्यावा. सामाईक करायची ती कामे : मोजणी, परवानगीचे कागद, तोड, वाहतूक आणि विक्री. यांपैकी मोजणीकडे आधी पाहावे, कारण उक्त्या सौद्यात घाटा बहुधा तिथेच होतो. ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्यायचा, त्याच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे, ही लाकूडबाजारातली जुनी रीत आहे. ८० सेंटिमीटर घेराचा ३ मीटर लांब ओंडका या रीतीने ०.१२ घनमीटर भरतो. प्रत्यक्षात त्यात ०.१५ घनमीटरहून थोडे अधिक लाकूड असते. ही रीत म्हणजे लबाडी नव्हे, कारण ओंडका चौरस कापताना कडेचे लाकूड जातेच आणि भावही त्याच मापावर बांधलेला असतो. मात्र पूर्ण घनमापाचा भाव या मापाला लावला गेला, तर विकणारा बुडतो. घेर सालीसकट धरायचा की साल सोडून, हेही सौद्याआधी ठरवून घ्यावे.

सागाच्या तोडीला परवानगी आणि वाहतुकीला पास लागतो. सातबाऱ्याचे उतारे घेऊन दहा जणांनी वेगवेगळे खेटे घालण्यापेक्षा एकाने सर्वांचे अर्ज नेणे सोयीचे. मंडळीच्या नोंदणीला गुजरातच्या १९६१ च्या सहकारी कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० सभासद लागतात.

बडोदेकरांना सहकार नवा नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी याच शहरात १८८९ मध्ये अन्योन्य सहकारी मंडळी काढली, तेव्हा देशात सहकाराचा कायदा व्हायला अजून १५ वर्षे होती. तरीही झाडांच्या मंडळीची एक अडचण दुधाच्या मंडळीला कधी येत नाही. दूध सकाळ-संध्याकाळ घालावे लागते, म्हणून सभासदाचा डोळा रोज मंडळीवर असतो; साग मात्र वीस-पंचवीस वर्षांतून एकदा तुटतो, आणि मधल्या काळात मंडळी कागदावरच उरते. स्वीडनमध्ये १९३८ पासून चाललेल्या ‘सोद्रा’ या संस्थेत ५० हजारांहून अधिक छोटे वनमालक असल्याने तेथे कोणा ना कोणाची तोड सतत चालू असते, शिवाय लगद्याच्या आणि लाकडाच्या गिरण्याही तिच्या स्वतःच्या आहेत. दहा घरांच्या मंडळीला असे काम मुद्दाम निर्माण करावे लागेल : दरवर्षी आळीपाळीने एकेका शेतातली विरळणी (म्हणजे दाटीतली काही झाडे काढून टाकणे), फांद्यांची छाटणी, जमल्यास रोपवाटिका. विरळणीत निघणाऱ्या बारीक सागासाठी संखेड्याच्या खरादी, म्हणजे लाकूड कातणाऱ्या, कारागिरांना विचारून पाहावे. त्यांच्या लाखकामाच्या फर्निचरला सागच लागतो.

नोंदणीची घाई नको. आधी शेजाऱ्यांसह प्रत्येक झाडाला क्रमांक घालून वही करावी. उभ्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घ्यावा, फीत तिरपी किंवा सैल धरू नये, आणि वही पुरी होईपर्यंत व्यापाऱ्याकडून बयाणा घेऊ नये.