शाळेकडे हक्क मागितला, तर राग मुलावर निघेल का?

"मॅडम, मी शाळेत काही बोलले आणि त्याचा राग त्यांनी माझ्या मुलावर काढला, तर मी काय करू?" समुपदेशक म्हणून दिव्यांग मुलांच्या पालकांशी बोलताना हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि बहुतेक वेळा तो निघताना, दाराच्या कडीला हात लावून विचारला जातो. त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून एका आईची हकीकत तिच्या संमतीने येथे सांगत आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुनंदाताई पुण्यात धनकवडीत राहतात. त्यांचा मुलगा ओम ११ वर्षांचा असून त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा नसण्याची अवस्था, आहे. त्याचे दोन्ही पाय ताठ राहतात, बोलणे सावकाश आहे आणि गणितात तो वर्गातल्या पहिल्या चार-पाच मुलांत असतो. पाचवीपर्यंत त्याचा वर्ग तळमजल्यावर होता. जूनमध्ये सहावी सुरू झाली आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला. "आई सोबत थांबणार असेल तर आमची काही हरकत नाही," असे शाळेने सांगितले आणि सुनंदाताईंचा सगळा दिवस त्या एका वाक्यात गेला. सकाळी २९ किलो वजनाच्या ओमला कडेवर घेऊन त्या ४४ पायऱ्या चढत. त्याला आधाराने बसता येईल असे कमोडचे स्वच्छतागृह खालीच असल्यामुळे मधल्या सुट्टीत त्याला खाली आणत, पुन्हा वर नेत आणि शाळा सुटली की पुन्हा उतरवत. मधला सगळा वेळ त्या जिन्याखालच्या बाकावर बसून काढत. पतसंस्थेतली हिशेबाची नोकरी त्यांनी ओम दोन वर्षांचा असतानाच सोडली होती, आणि पती चाकणच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करत असल्याने त्यांची मदत रविवारपुरतीच होती.

त्या माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून, आणि एका रात्री औषध सांडले एवढ्या कारणावरून ओमला चापट मारली गेली, ते मनातून जात नव्हते म्हणून. पहिल्या दोन भेटींत मी त्यांना श्वासाचे व्यायाम सांगितले, झोपेची वेळ ठरवून दिली आणि दिवसातला अर्धा तास स्वतःसाठी राखायला सांगितले. तिसऱ्या भेटीत त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, श्वास मी घेईन, पण पायऱ्या तेवढ्याच राहणार ना?" त्यांचे म्हणणे खरे होते. झोपेच्या तक्रारीसाठी मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले होते आणि ते आवश्यकच होते. पण त्यांच्या थकव्याचा मोठा भाग मनातून आलेला नव्हता, तो एका इमारतीतून आणि एका न नेमलेल्या मदतनिसातून आलेला होता. अशा वेळी व्यवस्था बदलायला लावणे हा समुपदेशनाचाच भाग आहे असे मी मानते. तो सोडून केवळ 'सहनशक्ती वाढवा' असे आईला सांगत राहणे मला अन्यायाचे वाटते.

मी त्यांना एक वही करायला सांगितली. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत काय काय केले, ते वेळेसह लिहायचे. आठवड्याने वही आली. "५.४० ओमची मालिश. ६.१० आंघोळ. ७.०५ शाळा, वर. १०.१५ खाली, बाथरूम, वर." रात्रीच्या नोंदी होत्या १.३० आणि ४ वाजताच्या, कूस बदलून देण्याच्या. सात दिवसांच्या त्या वहीत सुनंदाताईंच्या जेवणाची एकही नोंद नव्हती. "जेवता कधी?" असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ते काय लिहायचं? बाकावरच डबा खाते."

मग आम्ही शाळेचा राग ओमवर निघेल या भीतीकडे वळलो. तिच्या तळाशी उपकाराची भावना होती. "दुसऱ्या शाळांनी तर दारातूनच परत पाठवलं, यांनी निदान घेतला," असे त्या वारंवार म्हणत. म्हणून कायदा काय सांगतो ते मी त्यांना वाचून दाखवले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो, इमारत आणि सोयी त्याला वापरता येतील अशा करायच्या असतात आणि त्याच्या गरजेप्रमाणे व्यवस्थेत वाजवी बदल करायचे असतात. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आईने दिवसभर बाकावर बसावे, अशी अट या कायद्यात कुठेही नाही. ओमची शाळा अनुदानित असल्याने समग्र शिक्षा या शासनाच्या शालेय शिक्षण योजनेतील मदतनीस भत्त्याबद्दल विचारणा करणेही योग्यच होते.

"पण आई असून मदतनीस मागायचा म्हणजे जबाबदारी टाळल्यासारखं नाही का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. याच कायद्यातली काळजीवाहकाची व्याख्या मी त्यांच्यासमोर ठेवली: मोबदला घेऊन किंवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारी कोणीही व्यक्ती, आणि त्यात आईवडील व कुटुंबीय स्पष्ट शब्दांत धरलेले आहेत. दिव्यांग मुलांच्या आयांना मिळणाऱ्या बालसंगोपन रजेच्या एका प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की, स्त्रियांनी नोकरीत असणे ही कोणी दिलेली सवलत नसून संविधानाची अपेक्षा आहे. हे ऐकून सुनंदाताई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग पतसंस्थेतल्या आपल्या टेबलाबद्दल बोलू लागल्या.

या सगळ्यात ओमला कोणी विचारले नव्हते. पुढच्या भेटीला तो आला, तेव्हा मी सुनंदाताईंना बाहेर बसायला सांगितले आणि त्याला विचारले की, शाळेत एकच गोष्ट बदलायची असेल तर तू कोणती बदलशील. त्याचे शब्द फार कष्टाने येतात. मी मध्येच त्याचे वाक्य पूर्ण करू पाहिले, तेव्हा त्याने भुवई चढवून मला थांबवले. मग म्हणाला, "बाथरूमला... आई नको. दादा चालेल." आणि थोड्या वेळाने, "मुलं बघतात." अकरा वर्षांच्या मुलाची ही साधी लाज आम्हा सगळ्या मोठ्यांच्या नजरेतून सुटली होती. मागणी केल्याने ओमला त्रास होईल अशी भीती आईला होती, आणि मागणी न केल्याचा त्रास तो रोज मधल्या सुट्टीत सोसत होता. आमच्याविषयी जे ठरवाल ते आम्हाला वगळून ठरवू नका, असे दिव्यांगांची चळवळ जगभर सांगते. दिव्यांगांना समान संधी देणारा आपल्याकडचा कायदा डिसेंबर १९९५ मध्ये संमत झाला, तोही जावेद अबिदी आणि त्यांच्यासारखे दिव्यांग कार्यकर्ते स्वतः दिल्लीत रस्त्यावर उतरल्यानंतर. त्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. मागणाऱ्यांनी मागितले म्हणून ते वाढले.

राग मुलावर निघणारच नाही, असे आश्वासन मी सुनंदाताईंना दिले नाही, कारण ते खोटे ठरू शकले असते. धोका कमी कसा करायचा, एवढे मात्र आम्ही बसून ठरवले. थेरपी केंद्रात भेटणाऱ्या पालकांपैकी सहा जणांशी त्या बोलल्या; त्यातल्या दोघांची मुले ओमच्याच शाळेत होती. शाळेच्या अर्जावर तिघांनी मिळून सह्या केल्या, म्हणजे एकच मूल डोळ्यांवर येणार नाही. अर्जात कोणत्याही शिक्षकाचे नाव नव्हते आणि तक्रारीचा सूरही नव्हता: सहावीचा वर्ग तळमजल्यावर आणावा, स्वच्छतागृहाला पकडायला दांडी बसवावी, मुलग्यांसाठी पुरुष मदतनीस नेमावा, आणि प्रत्येक मागणीपुढे कायद्याचे कलम. शेवटचा परिच्छेद सुनंदाताईंनी स्वतः लिहिला. "मी रोज ३५२ पायऱ्या चढते-उतरते, त्यांपैकी १७६ मुलाला घेऊन. माझी कंबर आणखी किती वर्षे साथ देईल, हे मला माहीत नाही. माझे शरीर ही शाळेची सोय नाही." हे वाक्य जरा कडक आहे का, असे त्यांनी मला विचारले, मी तसेच ठेवा म्हटले. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच ठेवायची, हे मी प्रत्येक पालकाला सांगते, कारण तोंडी विनंती चार महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. उत्तर आलेच नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते, हेही अर्ज देण्यापूर्वीच सर्वांना समजावले होते.

गणपतीच्या सुट्टीनंतर वर्ग खाली आला. त्यासाठी शाळेला फक्त दोन खोल्यांची अदलाबदल करावी लागली. दांडी दिवाळीनंतर बसली आणि त्याच सुमारास शाळेतल्या एका शिपाईदादांकडे ठरावीक वेळा मदतीचे काम दिले गेले. रॅम्प अजून झालेला नाही. मधल्या काळात एका शिक्षकांनी ओमला तीन आठवडे फळ्यापाशी बोलावणे बंद केले होते, म्हणजे सुनंदाताईंची भीती अगदीच निराधार नव्हती. त्यांनी तारखा लिहून ठेवल्या, पतीने एक रजा टाकली आणि दोघे मिळून मुख्याध्यापकांना भेटले. त्यानंतर तो प्रकार थांबला. आई एकटी गेली की तिची चिंता 'स्वभाव' ठरते आणि वडील सोबत असले की तीच गोष्ट 'मुद्दा' होते, हे मला आवडत नाही. पण तसे घडताना मी पुष्कळदा पाहिले आहे, म्हणून वडिलांनी निदान एका बैठकीला यावे असा माझा आग्रह असतो.

शाळेतून मोकळ्या झालेल्या पहिल्या सकाळी सुनंदाताई घरी जाऊन झोपल्या आणि शाळा सुटायच्या अर्धा तास आधी दचकून उठल्या. आता त्या सकाळचे तीन तास त्याच पतसंस्थेत जातात.

त्या सात पालकांचा गट मात्र थांबलेला नाही. अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. शासनाच्या आर्थिक मर्यादेत राहून द्यायचा हा भत्ता आपल्याला मिळावा, म्हणून त्यांनी पुण्यातल्याच दिव्यांग कल्याण आयुक्तालयात अर्ज दिला आहे आणि आपापल्या वह्यांच्या झेरॉक्स प्रती त्याला जोडल्या आहेत. सुनंदाताईंच्या वहीत आता जेवणाची वेळही आहे. अर्जावर सात पालकांच्या सह्या आहेत आणि आठवी ओमची आहे. ती करायला त्याला चार मिनिटे लागली आणि तोपर्यंत कोणीही त्याचा हात धरला नाही.