‘चाकरमानी’त कमीपणा कसला?

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर शनिवारी शेजारी जमतात आणि आपण या शहरात कसे आलो ते एकमेकांना सांगतात. फलकावर ‘स्थलांतरितांशी संवाद’ लिहिलं, तर एकांनी खडूने ‘स्थलांतरीतांशी’ केलं. बरोबर काय? आणि पुढच्या शनिवारी बोलणाऱ्या राजापूरच्या काकांना ‘चाकरमानी’ म्हटलं तर त्यांचा अपमान होईल का?

पहिली वेलांटी. ‘आधारित’, ‘प्रेरित’, तसंच ‘स्थलांतरित’. खडूवाल्यांना कळवा.

पण मला वेलांटीपेक्षा शब्दच खटकतो. स्वतःची हकिगत सांगताना ‘मी स्थलांतर केलं’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. बीडकडची ऊसतोडीला जाणारी बाई ‘दसरा झाला की आम्ही कारखान्याला जातो’ म्हणते; तेवढ्यात कोयता, टोळी, मुकादमाची उचल, सगळं आलं. स्थलांतरित कायम दुसरा कुणीतरी; फलक लिहिणारा जणू तिथेच उगवलेला! ‘संवाद’ही असाच नासवलाय. पुढारी तासभर एकटे बोलतात आणि बातमीत ‘संवाद साधला’. तुमच्याकडे निदान दोन्ही बाजू बोलतात. ‘आपण इथे कसे आलो’ एवढंच लिहा की.

आता चाकरमानी. ‘चाकर’ फारसी, असं सांगून लोक थांबतात. खरी मौज त्याच्या मागे आहे. समरकंदच्या बाजूला, सोग्द प्रदेशात, चाकर म्हणजे सरदारांच्या पदरचे निवडक योद्धे. ६३०च्या सुमारास तिथून गेलेल्या ह्युएनत्संगाने लिहून ठेवलंय की हे लोक मरणाकडे घरी परतल्यासारखं पाहतात. (हाच गृहस्थ पुढे पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला.) फारसीत घसरत घसरत त्या योद्ध्याचा नोकर झाला. आपल्याकडे चाकरी आधी शिपाईगिरीचीही असे, पुढे गिरणीतली झाली. म्हणजे शब्दच समरकंदहून लालबागला आलेला!

राहिला ‘मानी’. ‘चाकरीत मान मानणारा’ ही फोड मला साफ नामंजूर. माझं म्हणणं, गोव्याकडे शेतावरच्या गड्याला ‘मानाय’ म्हणतात, त्यातला हा ‘मान’, ‘नोकरचाकर’सारखा जोडशब्द. माझ्या एका जाणत्या मित्राने हे ऐकल्यावर चहाचा कप खाली ठेवला आणि ‘मानी म्हणजे नुसता माणूस’ असं ठणकावलं. असेल. मग त्या माणसाचा ‘स’ कुठल्या गाडीत राहिला, ते त्याने सांगावं. अजून सांगितलेलं नाही.

२०२५च्या गणपतीआधी तर सरकारी कागदांत ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासीय’ लिहा, अशी सूचना निघाली. कारण काय, तर चाकर म्हणजे कमीपणा. अहो, वासीय म्हणजे राहणारा. हा माणूस वर्षभर राहतो डोंबिवलीत! कोकणात राहत असता तर गणपतीच्या गाडीचं तिकीट काढायला रात्रभर कशाला जागला असता? घर एकीकडे आणि पोट दुसरीकडे, हे ‘चाकरमानी’त आहे, ‘कोकणवासीया’त त्याचा मागमूस नाही.

तरी काकांना आधी विचारा; नाव त्यांचं आहे. आणि त्यांना बोलतं करायला प्रश्नावली वगैरे नको. गावात एसटीतून उतरलेल्या चाकरमान्याला अंगणात पाय ठेवायच्या आत जे दोन प्रश्न येतात, तेच पुरतील : ‘कधी इलास?’ आणि लगेच, ‘जातलस कधी?’