गॉडझिलाची ती प्रसिद्ध धून कुणाची? तो संगीतकार फक्त राक्षसपटांचाच होता का?

तुम्ही नेटफ्लिक्सवर 'गॉडझिला मायनस वन' पाहिलात आणि त्यातल्या धडकी भरवणाऱ्या धुनेबद्दल विचारलंय. त्या सिनेमाचे संगीतकार नाओकी सातो आहेत, बरंचसं संगीत त्यांचंच आहे. पण तुम्हाला लक्षात राहिलेली धून १९५४ सालच्या पहिल्या 'गॉडझिला'तली, अकिरा इफुकुबे यांची.

घरात पेटी असेल तर लगेच वाजवून बघा. पांढरी एकचा षड्ज धरा, सगळे स्वर शुद्ध: सां नी ध, सां नी ध, सां नी ध प ध नी सां नी ध. एवढंच. वजन षड्जावर न पडता दर वेळी धैवतावर येऊन पडतं, म्हणून शुद्ध स्वर असूनही ते गोड वाटत नाही. शिवाय मात्रा चार-पाच, चार-पाच अशा आलटून पालटून येतात. सरळ चारची टाळी धरलीत तर चुकणारच. गंमत म्हणजे हे मुळात गॉडझिलाचं संगीत नव्हेच. पहिल्या सिनेमात ते श्रेयनामावलीला आणि त्याच्याशी लढायला निघालेल्या माणसांच्या बाजूला आहे. खुद्द त्या प्राण्याला वेगळं, खालच्या पट्टीतलं संथ संगीत दिलंय. लोकांनी पुढे ही धून त्याच्याच नावावर लावून टाकली.

आता माणसाबद्दल. इफुकुबेंचा जन्म १९१४ चा, उत्तरेच्या होक्काइदो बेटावरच्या कुशिरोचा. वडील पुढे ओतोफुके गावाचे प्रमुख झाले. त्या भागात ऐनू या मूळ रहिवाशांची वस्ती होती. त्यांची गाणी आणि नाच अकिराच्या कानावर लहानपणीच पडले. तोक्योच्या संगीतशाळेत शिकलेल्या मुलाचा कान असा घडला नसता, असं मला वाटतं. एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा, हटवादीपणे वाजवत राहायची त्यांची सवय मला तिथलीच वाटते. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीचं 'राईट ऑफ स्प्रिंग' हे बॅले-संगीत कानावर आलं तेव्हा या मुलाला वाटलं, हे संगीत असेल तर मलाही लिहिता येईल!

पण शिक्षण घेतलं ते वनशास्त्राचं, साप्पोरोच्या विद्यापीठात. संगीत स्वतःच शिकले. १९३५ मध्ये वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या 'जपानी रॅप्सोडी'ला पॅरिसमध्ये चेरेप्निन या रशियन संगीतकाराच्या नावाचं पारितोषिक मिळालं, तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. आणि त्यानंतर काय केलं? अक्केशीच्या जंगलात वनखात्याची नोकरी.

युद्धकाळात लाकडावरच्या संशोधनाच्या कामावर लावलं. विमानांसाठी धातू पुरत नव्हता, म्हणून लाकूड मजबूत करायचे प्रयोग चालले होते. त्यात क्ष-किरणांचा मारा अंगावर आला, धड संरक्षण नव्हतं. युद्ध संपता संपता त्यांनी अंथरूण धरलं. वनखात्याची वाट तिथे संपली आणि पोटापाण्यासाठी संगीत उरलं. किरणोत्सारानं आजारी पडलेला माणूस नऊ वर्षांनी अणुचाचणीतून जागा झालेल्या प्राण्याच्या सिनेमाला संगीत देतो, हे मला तरी निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. त्याआधी १९५२ मध्ये दिग्दर्शक कानेतो शिंदोंच्या 'चिल्ड्रन ऑफ हिरोशिमा'लाही त्यांचंच संगीत होतं.

१९४६ पासून काही वर्षं त्यांनी तोक्योच्या संगीतशाळेत शिकवलं. विद्यार्थ्यांत तोशिरो मायुझुमी आणि यासुशी आकुतागावा. हा दुसरा म्हणजे 'राशोमोन' ही कथा लिहिणाऱ्या आकुतागावांचा मुलगा. वाद्यवृंदरचनेवर इफुकुबेंनी लिहिलेला जाडजूड ग्रंथ जपानी संगीतकार पुढे पिढ्यान् पिढ्या वापरत आले.

सिनेमात आले १९४७ मध्ये, 'स्नो ट्रेल' घेऊन. पटकथा पुढे दिग्दर्शक म्हणून जगभर गाजलेल्या अकिरा कुरोसावांची, दिग्दर्शक सेन्किची तानिगुची, आणि अभिनेता तोशिरो मिफुनेचा हा पहिला सिनेमा. पहिल्याच कामात खटका उडाला. बर्फावर स्कीइंगचं एक आनंदी दृश्य होतं, दिग्दर्शकाला तिथे उडती, हसरी चाल हवी होती. इफुकुबेंनी लिहिलं एकट्या कोर आँग्लेचं (ओबोच्या जातीचं, खालच्या पट्टीतलं फुंकवाद्य) उदास संगीत. त्यांचं म्हणणं असं की, प्रसंग हसरा असला तरी ही माणसं कुठल्या गोष्टीत अडकलीत ते बघा. नवखा माणूस, पण हटला नाही. शेवटी त्यांच्याच मनासारखं झालं.

'गॉडझिला'च्या वेळी राक्षसाच्या सिनेमाला हात लावू नकोस, नाव खराब होईल, असं सांगणारे भेटलेच. ह्यांना मात्र विषय आवडला. डरकाळीसाठी आधी प्राण्यांचे आवाज वापरून पाहिले होते, पण सगळे ओळखीचेच वाटत होते. मग इफुकुबेंच्या कल्पनेनुसार कॉन्ट्राबासच्या (व्हायोलिनसारखं, पण माणसाएवढं उंच, खर्जातलं वाद्य) तारा सैल केल्या, चामड्याच्या हातमोज्याला राळ चोपडली आणि तारेवरून हात खसकन ओढला. ते ध्वनिमुद्रण कमी वेगानं वाजवलं की झाली डरकाळी! आजचे ध्वनिसंयोजक संगणकावर थरावर थर चढवतात, तरी त्या हातमोज्याच्या आवाजाजवळच घुटमळतात, असं माझं मत.

त्याच वर्षी, 'गॉडझिला' काढणाऱ्या तोहो कंपनीसाठीच, कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराई'चं संगीत दिलं फुमिओ हायासाकांनी. हे दोघे साप्पोरोतले तरुणपणचे मित्र, जन्मही एकाच वर्षीचे. हायासाका पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये गेले. इफुकुबेंना मात्र दीर्घ आयुष्य लाभलं. १९७६ ते १९८७ ते तोक्यो कॉलेज ऑफ म्युझिकचे अध्यक्ष होते, नव्वदच्या दशकात पुन्हा चार गॉडझिलापट केले आणि २००६ मध्ये ९१ व्या वर्षी वारले.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. अडीचशेहून जास्त सिनेमे केले, त्यातले राक्षसपट थोडेच. आंधळ्या तलवारबाजाच्या 'झातोइची' मालिकेचा पहिला भाग (१९६२) त्यांचा, दिग्दर्शक कोन इचिकावांचा 'बर्मीज हार्प' (१९५६) त्यांचा. माझं ऐकाल तर 'बर्मीज हार्प'पासून सुरुवात करा. त्यातलं 'होम, स्वीट होम' हे जुनं इंग्रजी गाणं अर्थातच त्यांचं नव्हे, त्याच्या आजूबाजूचं ऐका. मग १९८३ चं 'सिम्फॉनिक फँटासिया' लावा. त्यात सिनेमांतल्या धुना त्यांनी स्वतःच मैफलीसाठी बांधल्यात आणि चित्र नसल्यामुळे वाद्यं नीट ऐकू येतात. 'जपानी रॅप्सोडी' शेवटी ठेवा, आणि हेडफोन लावूनच ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर त्यातले खालचे स्वर गायबच होतात.